चार्ज द्या, पूर्ण वाक्यात

आमच्या बी-विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून कुणालाही गपचूप खाली उतरता येत नाही. लिफ्ट महिन्यातले वीस दिवस बंद, म्हणजे जिना आलाच. जिन्याच्या तोंडाशी माझ्या शेजारच्या फ्लॅटच्या दारात बिराजदार आबा उभे असतात. स्टूल असतं, पण त्यावर ते टेकलेले मी फारसे पाहिलेले नाहीत. पायात कंपनीचे काळे सेफ्टी शूज, कडेवर साडेतीन वर्षांची नात रेवा. आपण दिसलो की हात आडवा करून म्हणणार, "चार्ज द्या. पूर्ण वाक्यात."

चार्ज म्हणजे काय, हे मलाही आबांमुळेच कळलं. कंपनीत शिफ्ट बदलते तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं सांगून जातो. कुठलं मशीन चालू, कुठलं बंद, कुठला माल संपत आलाय. हे सांगितल्याशिवाय त्याला बसमध्ये चढता येत नाही म्हणे. आबांनी आधी भोसरीला आणि मग चाकणला मिळून बत्तीस वर्षं असेंब्ली लाईनवर काढली, शेवटी शेवटी सुपरवायझर होते. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण कंपनी काही अंगातून गेलेली नाही. तर आबांच्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येकानं आपण कोण, हातात काय, कुठे निघालो, हे रेवाकडे बघून स्पष्ट आवाजात सांगायचं. सांगितलं की हात बाजूला होणार.

गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन घामाघूम झालेला, तरी त्याला म्हणावं लागतं, "हा सिलिंडर आहे. सिलिंडर लाल आहे. सिलिंडर जड आहे." आमचे चेअरमन एकदा फायली घेऊन चालले होते. त्यांनी सांगितलं, "मी मीटिंगला चाललो आहे. मीटिंगमध्ये भांडण होणार आहे." आणि झालंही. पण कहर केला आमच्या मिस्टरांनी. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी 'हं' आणि 'बघू' यापलीकडे बोललेला नाही. एक दिवस मी दाराआड ऐकते तर बाहेर चालू, "मी भेंडी आणली आहे. भेंडी कोवळी आहे. उषाताई तिची भाजी करणार आहेत." उषाताई म्हणजे मी. मी दार उघडून म्हटलं, आज तुमची तुम्ही करा भाजी. पूर्ण वाक्यात म्हटलं.

हे सगळं कशासाठी, तर रेवासाठी. पोरगी बोलत नव्हती. आई, पाणी, नको, असे दहाबारा शब्द असतील नसतील, तेही मनात आलं तर. बाकी सगळं बोटानं आणि डोळ्यानं. तिचे आईबाप, स्नेहल आणि प्रशांत, दोघंही नोकरीला. प्रशांत चाकणला शिफ्टमध्ये, स्नेहल पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, माणला. मोशीहून माण म्हणजे काय प्रवास आहे ते ज्यानं केलाय त्यालाच ठाऊक. ती आठला निघाली की आठलाच परत. आजी नाही. दिवसभर घरात आबा आणि रेवा. लहान मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं की घरात हिच्याशी भरपूर बोला, शब्दांचे साधे साधे खेळ खेळा, वस्तूंची नावं येतील असे. आबांनी 'भरपूर' एवढाच शब्द ऐकला. घरात बोलणं कमी पडायलंय म्हणजे मालाचा तुटवडा आहे, आणि तुटवडा कसा भरून काढायचा हे त्यांना पाठ होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावर पांढरा बोर्ड लागला. सकाळी सातला पिशवीचा खेळ, म्हणजे कापडी पिशवीत घरातली एखादी वस्तू टाकायची आणि पोरीनं न बघता हात घालून ओळखायची. त्यानंतर बाल्कनी. आमच्या बाल्कन्या नाशिक रोडकडे तोंड करून आहेत, दिवसभर ट्रेलर, कंटेनर, कंपन्यांच्या बस. कोणत्या गाडीवर काय लादलंय ते सांगायचं. मग मटार किंवा घेवडा सोलत दाण्यादाण्याला एक एक शब्द. चारला जिना, पायरीला एक नाव. मधल्या वेळात दारात चार्ज. खेळ चांगले होते हो, मी नावं ठेवणार नाही. माझ्या मुलाशी मी एवढे खेळले असते तर तो आज मला आठवड्यातून एकदा तरी फोन करता.

पण आबांची खेळायची रीत बघायला हवी होती. मी शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. माझं मशीन भिंतीला लागून आणि भिंतीपलीकडे त्यांचा हॉल, त्यामुळे हात कापडात आणि कान तिकडे. पलीकडून ऐकू यायचं, "पिशवीत काय आहे रेवा? गोल आहे का? गार आहे का? वाटी आहे का? वाटीच आहे. शाबास. आता वाटीत काय ठेवतात? वरण ठेवतात. वरण कोणत्या रंगाचं? पिवळं. शाबास." ही शाबासकी नेमकी कुणाला, पोरीला की वाटीला, असा मला प्रश्न पडायचा. रेवाचा आवाज म्हणाल तर एक नाही. आबांच्या तोंडाचा पट्टा एकदा चालू झाला की मध्ये फट म्हणून राहायची नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, अहो, जरा दम घ्या, तुमच्या बडबडीत माझी काजं चुकतायत. तर म्हणाले, "ताई, लाईन थांबली नाही पाहिजे. एकदा थांबली की पुन्हा चालू करायला लई त्रास."

माझ्याकडे आले तरी बसायचे नाहीत. मशीनपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून मशीनपर्यंत. बोलता बोलता रिळं रंगाप्रमाणे लावून टाकायचे, कात्री टांगायला खिळा ठोकायचे. मी एकदा पाणी आणायला आत गेले तेवढ्यात माझ्या बटणांच्या डब्यावर चिठ्ठ्या चिकटल्या होत्या. डोक्याला ताप नुसता. सोय झाली हे मात्र खरं.

आणि मग शाळेचा प्रकार झाला. जूनमध्ये रेवाला घालायचं म्हणून स्नेहल तिला जवळच्याच एका शाळेत घेऊन गेली, बरोबर आबा. बाईंनी प्रेमानं विचारलं, बाळा, तुझं नाव काय? रेवा बाईंच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिली. दोन सेकंद गेले असतील नसतील, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "माझं नाव रेवा प्रशांत बिराजदार आहे. मी मोशीला राहते." बाईंनी वळून बघितलं. आबा अटेन्शनमध्ये उभे होते. स्नेहल मला हे सांगताना आधी हसली आणि मग तिथेच माझ्या कापडांच्या ढिगाऱ्यावर बसून रडली.

त्या रात्रीच्या जेवणाला तिनं घरात सांगून टाकलं. मुलीला उदगीरला आपल्या आईकडे ठेवायचं. तिथे भावांची मिळून सहा मुलं आहेत, त्यांच्यात राहिली की बोलायला लागेल. वर्षभर राहू दे, पुढचं पुढे. जूनच्या पहिल्या रविवारी आई न्यायला येईल. स्नेहल वाईट नाही हो. सासऱ्यांचं पथ्यपाणी, गोळ्या, सगळं बघते. पण पोटच्या पोरीचं तोंड बंद असलं की आईला काय होतं, ते मी बघत होते.

आबा त्यांच्यासमोर "बरं" म्हणाले म्हणे. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि मशीन ते खिडकी चालू केलं. पाचसहा फेऱ्या झाल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "ही पोरगी गेली तर त्या घरात मी काय करू, ताई? भिंतीला चार्ज देऊ?"  मी तोंडातली टाचणी काढली आणि कापडाला लावली.

जायच्या आधी एकदा दाखवून तर घेऊ, म्हणून स्नेहलनं चिंचवडला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंची वेळ घेतली. कान तपासले, कान उत्तम. सांगितलेलं सगळं पोरीला समजतं, तेही उत्तम. मग बाईंनी चटई टाकली, आबांना म्हटलं, तुम्ही घरी खेळता तसं खेळा, मी नुसती बघते. आबा खूश. खिशातून कापडी पिशवी काढली आणि दहा मिनिटं अशी काही लाईन पळवली की विचारू नका. बाईंनी सगळं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "आजोबा, खेळ छान आहेत. पण तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. एक विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. तिला उशीर लागतो. तेवढं थांबा."

घरी आल्यावर आबांचा नुसता संताप. दहा सेकंद म्हणजे काय चेष्टा आहे का? दहा सेकंद लाईन थांबली तर आमच्याकडं मॅनेजर पळत यायचा, बाईला काय माहीत! हे माझ्याकडे चहा पिताना, उभ्या उभ्या. चहा संपेपर्यंत राग उतरला आणि म्हणाले, सराव करू. तुम्हाला एक विचारतो, मोजतो. विचारलं, "ताई, काय शिवायलात?" आणि डोळे मिटून ओठ हलवायला लागले. एक, दोन, तीन. चारला कपाळावर शिरा दिसायला लागल्या. पाचला म्हणाले, "ब्लाऊज ना?" मी परकर शिवत होते.

रेवाशी तर चारसुद्धा व्हायचे नाहीत. मी भिंतीपलीकडून ऐकायची. "पिशवीत काय आहे?" मग दोन सेकंद शांतता, आणि मग धबाधबा, चमचा आहे का, लांब आहे का, चमचाच आहे. आणि लगेच स्वतःवरच चिडलेला आवाज, अरे बिराजदार, गप की. असे चार दिवस गेले. जूनला तीन आठवडे उरले होते.

पाचव्या दिवशी माझ्याकडे आले ते हातात स्टीलचं फुलपात्र घेऊन. चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद. म्हणाले, कंपनीत माणसाच्या सांगण्यावर भरवसा ठेवत नसतात. माणूस विसरतो. म्हणून मशीनलाच अशी सोय करतात की चूक करायची म्हटली तरी होऊ नये. हात आत असला की पत्रा दाबायचा प्रेस खाली येतच नाही. मग माझ्या तोंडाला सोय नको का? प्रश्न विचारायचा आणि लगेच तोंडभर पाणी धरायचं. बोलेन तर शपथ. मनात दहा झाले की गिळायचं.

आणि जमलं हो. पलीकडून "काय आहे?" आणि मग काहीच नाही. सुरुवातीला मला बरं वाटलं. मग ती शांतता माझ्या अंगावर यायला लागली. कान तिकडेच लागायचे, मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची बाही उलटी लावून ठेवली. पोरगी काही बोलत नव्हती, पण मी डोकावले की दिसायचं, आता ती वस्तू काढून आबांपुढे धरायची, त्यांच्या तोंडाकडे बघायची. एकदोनदा काहीतरी 'ऊं' असं ऐकू आलं, पण तो माझ्या मशीनचाही आवाज असेल.

दारातला चार्ज बंद पडला. चेअरमन सवयीनं थांबून वाट बघत राहिले आणि आबांनी फुगल्या गालांनी नुसता हात केला, जा. इमारतीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं मौनव्रत. पण बहुतेकांचं मत पडलं की म्हातारपणी आबांनी गुटखा धरला. वॉचमननं तर आपुलकीनं स्वतःची चुन्याची डबी पुढे केली. कुणीतरी चोंबडेपणा करून स्नेहलला फोन लावला. ती बिचारी अर्धा दिवस रजा टाकून रिक्षानं धावत आली. दारात आबा, गाल टम्म. तिनं चक्क वास घेतला. "काय आहे तोंडात?" आबांनी बोट वर केलं, थांब. रेवा पिशवीत हात घालून बसली होती ना. दहा पूर्ण झाल्यावर पाणी गिळलं आणि म्हणाले, "पाणी होतं. पूर्ण वाक्यात सांगतो, माझ्या तोंडात पाणी होतं." स्नेहल हसली नाही. ती तिथेच उभी राहून आबांकडे बघत राहिली, मग पर्स ठेवून आत गेली.

आणि तो रविवार आला. स्नेहलची आई आदल्या दिवशीच उदगीरहून आली होती. जेवून दुपारच्या गाडीनं निघायचं ठरलं होतं. मी रेवासाठी दोन फ्रॉक शिवले होते, ते द्यायला दहाच्या सुमाराला गेले. पिवळा तिला तिथेच घातला. बॅग भरून दाराशी ठेवलेली. विहीणबाई मोकळ्या मनाच्या, बोलक्या. आमच्याकडं आली की महिन्यात बघा, असं काय काय सांगत होत्या. आबा कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी पिशवी आणली, फुलपात्र आणलं आणि जमिनीवर मांडी घालून बसले. सातचा खेळ सकाळच्या गडबडीत राहिला होता, तेवढा करून जाऊ द्या, म्हणाले.

रेवा समोर बसली. पिशवीत हात घातला. "काय आहे?" आबांनी विचारलं आणि पाणी तोंडात घेतलं.

विहीणबाई म्हणायला गेल्या, अगं चम... तोच स्नेहलनं त्यांचा हात दाबला. पोरगी पिशवीत चाचपत होती. मी मनात मोजत होते. सात झाले, आठ झाले. आबांचा गुडघा थडथड उडत होता, डोळे लाल. दहा झाले. आबांनी गिळायला हवं होतं, पण गिळलं नाही. तसेच बसले, बहुधा शेवटचं म्हणून. बारा, तेरा. रेवानं हात पिशवीतून बाहेर काढला. रिकामाच. ती उठली, आबांच्या अगदी जवळ गेली, दोन्ही तळवे त्यांच्या फुगलेल्या गालांवर ठेवले आणि म्हणाली, "आबा, बोल."

सगळं पाणी फर्रकन बाहेर आलं. मी शिवलेला नवा फ्रॉक भिजला, विहीणबाईंच्या पातळावर शिंतोडे उडाले. आबा खोकत होते, ठसका लागला होता, आणि ती कार्टी खिदळत त्यांचे गाल थोपटत म्हणत होती, "बोल ना आबा. बोल ना." आबांना एक शब्द सुचेना. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मलाही रडू आलं, आणि मी काही लगेच रडणारी बाई नाही.

स्नेहल काही म्हणायच्या आधी विहीणबाईच डोळे पुसत म्हणाल्या, राहू दे गं तिला इथंच. आमच्याकडं सहा पोरं एकदम बोलतात, हिच्यासाठी एवढं कोण थांबणार? स्नेहलनं बॅग उचलून आत नेली. चिंचवडच्या बाईंकडे दर आठवड्याला जायचं ठरलं. दुपारी सगळे गोडाचं जेवले, मलाही वाटी आली.

पाचच्या सुमाराला आबा माझ्याकडे आले. मला वाटलं, आता काय, आता हा माणूस इमारत डोक्यावर घेणार. मी मुद्दामच चेष्टेनं म्हटलं, द्या चार्ज. ते खुर्चीत बसले. खिडकीकडे गेले नाहीत, रिळांना हात लावला नाही. बसले.

मग हळूहळू सांगायला लागले. त्यांच्या पत्नीला, निलाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला होता. इथे राहायला येण्याआधीची गोष्ट, म्हणून मला माहीत नव्हती. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सात महिने अंथरुणावर होत्या. आबांनी रजा टाकून सगळं केलं, वेणीफणीसुद्धा. डॉक्टर विचारायचे, जेवण जातं का, दुखतं का, आणि उत्तर आबा द्यायचे. येणाऱ्याजाणाऱ्याशीही तिच्या वतीनं तेच बोलायचे. तिला त्रास नको म्हणून.

"एक दिवस दुपारी तिनं डावा हात उचलला," आबा म्हणाले. "माझ्याकडं बघून तोंड हलवायली. काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं पाणी का? पंखा लावू का? कूस बदलू का? पाय दुखायलाय का? ती मान हलवायची, नाही, नाही. तिचे ओठ हलायलेत आणि मी आपला पुढचं विचारायलो. मग मीच म्हटलं, दमलीस, झोप आता. तिनं डोळे मिटले. त्यानंतर तिनं कधी प्रयत्नच केला नाही, ताई."

मी म्हटलं, तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं ना.

"हाव," ते म्हणाले. "कुणी सांगितलं नव्हतं. पण दहा आकडेच होते की."

वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं. मी परकराला नाडी ओवायला घेतली आणि तशीच मांडीवर ठेवली.

एवढ्यात दार ढकलून रेवा आली. केस विस्कटलेले, मुठीत काहीतरी गच्च धरलेलं. आबांसमोर येऊन उभी राहिली. तोंड उघडलं आणि पुढे काही येईना. शब्द कुठेतरी अडला होता, तिच्या कपाळावर आठी पडली. फुलपात्र त्यांच्या घरी राहिलं होतं. आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तिच्या तोंडाकडे बघत नुसते थांबले.